खरखर कुठून येते? मध्यम लहरींसाठी शाळेतील एक शांत एरियल

वीज गेली की रेडिओ चांगला लागतो, हे मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकणाऱ्यांना ठाऊक असते. भारनियमन असले तर हा प्रयोग रोज आपोआप घडतो. पंखे थांबतात, दिवे जातात आणि सेलवर चालणाऱ्या संचातून, आतापर्यंत खरखरीखाली दबलेला दूरच्या केंद्राचा निवेदक एकदम जवळ येऊन बोलू लागतो. आपल्या गावची वीज गेल्यामुळे त्या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती काही वाढलेली नसते. मग बदलले काय? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा आणि उत्तराची घाई करू नये. 'खरखर कमी झाली' एवढे विद्यार्थी सांगतातच. ती येत कुठून होती, आणि वीज असतानाही ती कमी करता येईल का, हे पुढचे प्रश्न. त्यांचे उत्तर शे-दीडशे फूट तार, एक फेराइटचे कडे आणि लोखंडी पाइपचे दोन तुकडे यांतून मिळू शकते.

उदाहरणासाठी आपण बिडकीन घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर हे गाव लागते. शहरातील आकाशवाणी केंद्र येथे एफएमवर १०१.७ मेगाहर्ट्झला ऐकू येते, त्यासाठी असल्या तारेची गरज नाही. पण मध्यम लहरींवर बिडकीनपासून परभणी सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर, जळगाव १४५, पुणे २००, मुंबई २६० आणि नागपूर ४२५ किलोमीटर दूर आहे. या केंद्रांना नेमून दिलेल्या वारंवारता अशा: परभणी १३०५ किलोहर्ट्झ, जळगाव ९६३, पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५. यातील प्रत्येक आकड्याला ९ ने पूर्ण भाग जातो. हा योगायोग नव्हे. १९७५ साली जिनिव्हा येथे झालेल्या कराराने आशिया, आफ्रिका आणि युरोपातील मध्यम लहरींची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडली गेली आणि १९७८ च्या नोव्हेंबरात ती मांडणी अमलात आली. गेल्या काही वर्षांत देशातील अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद करण्यात आले आहेत, तेव्हा प्रयोगाआधी आपल्या गावी डायलवर आज कोण कोण आहे याची यादी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी.

मोठी एरियल म्हणजे चांगली एरियल?

रेडिओ नीट लागत नसेल तर एरियल लांब करा, उंच करा, हा सल्ला आपल्याकडे फार जुना आहे. वाल्व्हच्या संचांच्या काळात घरातल्या दोन भिंतींमध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे, आणि ज्याला परवडे तो छतावर बांबू उभारून तार बांधी. त्या काळी सल्ला चुकीचा नव्हता. घरात दोन-चार बल्ब आणि एखादा पंखा, यापलीकडे विजेची उपकरणे नव्हती. आज त्याच घरात मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, टीव्ही, वायफायचा डबा आणि छतावरच्या सौर पॅनेलचा नियंत्रक आहे. यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून आपले काम करते.

हे चालू-बंद करणे म्हणजेच एक छोटा प्रक्षेपक. समजा, एखादा चार्जर सेकंदाला ६५ हजार वेळा प्रवाह तोडतो. (ही वारंवारता अशा मंडलांत बरीच वापरली जाते.) प्रवाह सावकाश न बदलता झटक्यासरशी बदलत असल्याने ६५ किलोहर्ट्झबरोबरच तिच्या २, ३, ४ पटींच्या वारंवारताही निर्माण होतात. नऊ पट म्हणजे ५८५, नेमके नागपूर! वीस पट म्हणजे १३००, परभणीच्या उंबरठ्यावर. शिवाय चार्जरवरचा भार बदलला की त्याची वारंवारताही थोडी सरकते, त्यामुळे डायलवर स्वच्छ शिटीऐवजी गुरगुरणारा पट्टा ऐकू येतो. शेतातील झटका मशीनची ठरावीक अंतराने येणारी टकटक, पंपाच्या स्टार्टरची कडकड, धूळ बसलेल्या इन्सुलेटरवर ११ हजार व्होल्टच्या तारेतून उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्यांची सलग खरखर हे आणखी वेगळे आवाज. थोड्या सवयीने मुले ते कानाने ओळखू लागतात.

हा गोंगाट किती मोठा असतो? कोणताही रोध नुसत्या उष्णतेमुळेही थोडा गोंगाट निर्माण करतो. त्याला एक माप धरून मोजणी करतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रसिद्ध केलेल्या सूत्रांनुसार १००० किलोहर्ट्झला मानवनिर्मित गोंगाट शहरात या मापापेक्षा ७६.८ डेसिबेल, ग्रामीण भागात ६७.२ डेसिबेल आणि अगदी शांत ग्रामीण भागात ५३.६ डेसिबेल अधिक असतो. डेसिबेल ही गुणाकाराची भाषा आहे: दर १० डेसिबेलला शक्ती दसपट. म्हणजे ग्रामीण आकडा सुमारे ५२ लाख पट झाला, आणि शांत ग्रामीण सुमारे २ लाख ३० हजार पट. ही सूत्रे ज्या मोजमापांवर आधारलेली आहेत ती चार्जर आणि एलईडीच्या आधीच्या काळातील आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र पुष्कळांच्या पचनी पडत नाही. बाहेरून येणारा गोंगाट संचाच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा इतका प्रचंड असेल, तर एरियलने आणखी जास्त शक्ती गोळा करून फायदा काय? तार दुप्पट केली तर केंद्राचा संकेत वाढेल आणि गोंगाटही तेवढाच वाढेल. त्यांचे गुणोत्तर तेच राहील. उलट, एरियलने संकेत आणि गोंगाट दोन्ही हजार पटीने कमी पकडले तरी ऐकण्यात फरक पडत नाही, कारण तेव्हाही बाहेरचा गोंगाटच संचाच्या गोंगाटावर मात करून असतो. मध्यम लहरींसाठी महागडी एरियल किंवा संकेत वाढवणारा ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी शाळांनी हा हिशेब करावा. ॲम्प्लिफायरला निवेदकाचा आवाज आणि चार्जरची गुरगुर यांत भेद करता येत नाही.

अंतराची गाळणी

दोघांत भेद करते ते अंतर. केंद्राच्या लहरी शेकडो किलोमीटरवरून येतात. शाळेच्या व्हरांड्यात आणि मैदानाच्या टोकाला त्यांची तीव्रता सारखीच असते. खरखरीचा उगम मात्र शाळेच्या भिंतीतील वायरिंगमध्ये असतो. उगमापासून तरंगलांबीच्या सुमारे एक-षष्ठांश अंतराच्या आत (अचूक सांगायचे तर तरंगलांबी भागिले २π) विद्युतक्षेत्र फार झपाट्याने, लहान उगमासाठी अंतराच्या घनाच्या प्रमाणात, घटते. १००० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३०० मीटर, म्हणून ही सीमा ४८ मीटरवर येते. शाळेचे सारे मैदान सहसा या सीमेत मावते. एरियल भिंतीपासून ५ मीटरवर होती ती २५ मीटरवर नेली, तर क्षेत्र ५ × ५ × ५ म्हणजे १२५ पटीने कमी व्हावे. इमारतीचे वायरिंग हा काही लहान उगम नव्हे, त्यामुळे प्रत्यक्ष घट इतकी होत नाही. पण जी होते ती फुकट आणि खात्रीची.

आपल्या राज्यातच याचे भव्य उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, शहरापासून दूर बसवली गेली ती रेडिओ-शांततेसाठीच. तिच्या वारंवारता आपल्या मध्यम लहरींच्या शंभर पटींहून अधिक, ऐकायचे ते आकाशगंगा आणि स्पंदक तारे; पण तिथल्या शास्त्रज्ञांनाही आजूबाजूच्या वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांशी झगडावे लागते. खगोलशास्त्राची ही शाखाच मुळी खरखरीचा शोध घेताना जन्मली. कार्ल जान्स्की १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओ-टेलिफोनच्या खरखरीची कारणे तपासत होते. वादळांची खरखर वगळल्यावर उरलेली मंद फुसफुस आकाशगंगेतून येते हे त्यांना आढळले.

गटारातून जाणारा नळ

तार मैदानाच्या टोकाला नेली आणि तरीही खरखर फारशी कमी झाली नाही, अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली आहे. तारेचा दोष नसतो. दोष असतो तो तारेपासून संचापर्यंत येणाऱ्या जोडणीत. विहिरीचे पाणी कितीही स्वच्छ असो, तिथून निघालेला नळ गटारातून जात असेल आणि त्याचा सांधा सैल असेल, तर घरात गढूळच पाणी येणार.

साधी तार थेट खिडकीतून आत आणली तर शेवटचे पाच-दहा मीटर ती पुन्हा घरच्या गोंगाटातच बुडते. म्हणून केबल टीव्हीसाठी असते तशी जाळीदार वेष्टनाची केबल वापरतात. तिच्या मधल्या तारेला जाळीचे संरक्षण असते. एवढ्याने काम भागेल असे वाटते, पण जाळीची बाहेरची बाजू स्वतः एक तारच आहे. घरातील गोंगाटाचा प्रवाह संचाच्या अडॅप्टरमधून जाळीवर चढतो, तिच्या बाहेरच्या बाजूने मैदानात पोचतो आणि एरियलच्या पायथ्याशी आत शिरतो. एरियलला तिथे जमिनीशी नीट जोडले नसेल तर हीच जाळी एरियलचा दुसरा अर्धा भाग होऊन बसते. थोडक्यात, आपण एरियल मैदानात नेली असे समजतो, पण तिचे अर्धे अंग घरातच असते.

यावर उपाय तीन: एरियलला तिच्या पायथ्याशी स्वतःची वेगळी जमीन-जोडणी, एरियल आणि केबल यांच्यामध्ये दोन पूर्णपणे वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर, आणि केबल घरात शिरण्याआधी जाळीला दुसरी जमीन-जोडणी. ट्रान्सफॉर्मरमधून केंद्राचा संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण जाळीवरून आलेल्या प्रवाहाला एरियलमध्ये शिरायला धातूचा रस्ताच उरत नाही. घराजवळची दुसरी जोडणी त्या प्रवाहाला मैदानात जाण्याआधीच जमिनीत उतरवते.

बांधणी

तारेसाठी घरगुती वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. वरचे प्लॅस्टिक सोलण्याची गरज नाही. इमारतीपासून २५-३० मीटर दूर, ५-६ मीटर उंचीचा बांबू किंवा पीव्हीसी पाइप उभारून तार त्याच्या पायथ्यापासून सरळ वर न्यावी आणि तिथून २५ मीटरपर्यंत आडवी ताणून दुसऱ्या बांबूला किंवा झाडाला नायलॉनच्या दोरीने बांधावी. झाड वाऱ्याने हलते, म्हणून थोडी ढील ठेवावी. अशी तार सर्व दिशांना जवळजवळ सारखेच ऐकते. जमिनीलगत येणाऱ्या मध्यम लहरींचे विद्युतक्षेत्र उभे असते, त्यामुळे खरे काम उभा भाग करतो; आडव्या भागाने एरियलची विद्युतधारिता वाढते आणि उभ्या भागात प्रवाह वाहणे सोपे जाते. म्हणून आडवी तार पूर्व-पश्चिम हवी की दक्षिणोत्तर, यावर वाद घालत बसू नये.

पायथ्याशी दीड मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप जमिनीत ठोकावा. बिडकीनच्या परिसरातील काळी माती ओली असते तेव्हा उत्तम वाहक असते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पाइपपासून सुटते. विजेच्या अर्थिंगसाठी आपण खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून पाणी सोडतो, तेच येथेही करावे. या एरियलची स्वतःची प्रतिबाधा १००० किलोहर्ट्झच्या आसपास कित्येकशे ओहम असते, त्यामुळे जमीन-जोडणीचा रोध काही दहा ओहम राहिला तरी बिघडत नाही.

ट्रान्सफॉर्मरसाठी फेराइटचे कडे लागते, आणि येथे निवड महत्त्वाची आहे. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये पिवळ्या-पांढऱ्या रंगाची कडी सापडतात. ती लोखंडाच्या भुकटीची असतात व या कामी निरुपयोगी. त्याच सप्लायमध्ये मुख्य विजेची वायर जिथे आत येते तिथे दोन गुंडाळ्यांचे एक कडे बरेचदा असते, ते सहसा फेराइटचे असते. सप्लाय उघडण्याचे काम शिक्षकांनीच करावे. त्यातील मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारित राहू शकतात. जुन्या गुंडाळ्या काढून कड्यावर १० वेढे घ्यावेत आणि इंडक्टन्स मोजावा. तो १०० मायक्रोहेन्रीहून जास्त हवा. कारण डायलच्या खालच्या टोकाला, ५३१ किलोहर्ट्झला, १०० मायक्रोहेन्रीचा अवरोध सुमारे ३३० ओहम होतो, म्हणजे ७५ ओहमच्या केबलच्या चौपटीहून अधिक. पिवळ्या कड्यावर एवढ्याच वेढ्यांना दहा मायक्रोहेन्रीच्या आसपासच मिळतात, आणि संकेत केबलमध्ये जाण्याऐवजी गुंडाळीतच वाया जातो.

एरियलच्या बाजूला ३० वेढे आणि केबलच्या बाजूला १०, दोन्ही गुंडाळ्या कड्याच्या समोरासमोरच्या भागांवर, एकमेकींना न चिकटता. ३० वेढ्यांचे एक टोक तारेला, दुसरे पायथ्याच्या पाइपला. १० वेढ्यांचे एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरे जाळीला. जाळी पायथ्याच्या पाइपला जोडू नये. मोह होतो, पण तसे केले की दोन गुंडाळ्या वेगळ्या ठेवण्याचा अर्थच संपतो. वेढ्यांचे गुणोत्तर ३:१ म्हणून प्रतिबाधेचे ९:१. ही जुळणी अचूक नाही, असूही शकत नाही; पण वर पाहिल्याप्रमाणे थोडी शक्ती वाया गेल्याने काही अडत नाही. हे सारे प्लॅस्टिकच्या झाकणबंद डबीत ठेवावे. केबल चर खणून वीतभर खोल पुरावी आणि भिंतीशी तिची जाळी दुसऱ्या पाइपला जोडावी.

संचाला एरियल आणि अर्थ अशी टोके असतील तर प्रश्नच नाही. खिशातल्या संचाला ती नसतात. त्यात फेराइटची कांडी असते. अशा वेळी संचाभोवती ५-६ वेढ्यांचे कडे करून त्याची टोके मधल्या तारेला आणि जाळीला जोडावीत. वेढे कांडीवर गुंडाळल्यासारखे, म्हणजे कांडीच्या लांबीला आडवे यायला हवेत. मात्र ही कांडी घरातील खरखर थेटही पकडत राहते. त्यामुळे संच सेलवरच चालवावा आणि कड्यासकट हळूहळू फिरवून खरखर सर्वांत कमी होईल त्या स्थितीत ठेवावा. कांडीचे टोक ज्या दिशेला असते तिकडचे तिला सर्वांत कमी ऐकू येते. याच गुणाचा उपयोग करून, एरियल न जोडता नुसता खिशातला संच हातात घेऊन, मुले शाळेतील दोषी चार्जर किंवा दिवा शोधून काढू शकतात. तो प्रयोग खरे तर आधी करावा.

जागा मुबलक असेल तर याहून वेगळा मार्गही आहे. अमेरिकन अभियंता हॅरॉल्ड बेव्हरेज यांनी १९२० च्या सुमारास तरंगलांबीएवढी लांब तार जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणली. ती एकाच दिशेचे ऐकते आणि बाकी दिशांची खरखर टाळते. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सुमारे ४०० मीटर लांबीची अशी तार लावून अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश पकडले. तरंगलांबी होती सुमारे २३० मीटर, म्हणजे परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झएवढीच. शेताच्या बांधावर हे जमू शकते, शाळेच्या मैदानात नाही.

तारेविषयी सावधगिरी

ही तार विजेच्या कोणत्याही तारेच्या खालून किंवा वरून जाता कामा नये. बांबू पडला किंवा तार तुटली तरी ती वीजवाहिनीपर्यंत पोचणार नाही एवढे अंतर हवे. शंका असेल तर जागा बदलावी. मराठवाड्यात एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा पडून माणसे आणि जनावरे मरतात. गडगडाट ऐकू आल्यावर एरियलला हात लावायचाच नाही. म्हणून रोज ऐकणे संपताच केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर टाकून द्यावी, आणि या महिन्यांत तार उतरवूनच ठेवावी. हे काम विद्यार्थ्यांवर सोपवू नये.

फरक मोजायचा कसा?

आवाज मोठा झाला की सुधारणा झाली असे समजू नये. संचातील स्वयंचलित नियंत्रण दुबळा संकेत आणि त्याबरोबरची खरखर दोन्ही उचलून धरते, त्यामुळे कानाला मोठेपणा फसवतो. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. दोन सारखे संच घ्यावेत, एक नुसता आणि एक मैदानातील तारेला जोडलेला, वेगवेगळ्या खोल्यांत. एकाच केंद्राच्या बातम्या दोन गटांनी ऐकून कळलेले शब्द लिहून काढावेत. बातम्यांचा बिनचूक मजकूर आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर या मोबाइल ॲपवरून ध्वनिमुद्रित करता येतो. ते प्रसारण काही सेकंद मागे असते एवढेच. शंभर शब्दांपैकी कोणत्या गटाला किती कळले, हा झाला निकाल. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करावी, नाहीतर चांगल्या कानांचे श्रेय तारेला मिळेल.

चाचणी भर दुपारी घ्यावी. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांत मध्यम लहरी शोषल्या जातात, म्हणून दूरची वादळे फारशी ऐकू येत नाहीत आणि उरते ती प्रामुख्याने गावची खरखर. सूर्यास्तानंतर हे शोषण थांबते, दूरची केंद्रे येऊ लागतात आणि शेकडो किलोमीटरवरच्या विजांचा कडकडाटही. रात्री ऐकण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत बरे.

बिडकीनच्या शाळांसाठी याला आणखी एक निमित्त आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील 'ऑरिक' प्रकल्पाचा बिडकीनचा भाग सुमारे ३२ चौरस किलोमीटरचा आहे. जिथे कापूस आणि तूर होती तिथे मोटारी, वेल्डिंग यंत्रे आणि हजारो दिवे येत आहेत. डायलवरील पाच मोकळ्या जागा निवडून, एकच संच, एकच तार आणि आवाजाच्या बटणाची एकच खूण ठेवून, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता प्रत्येक जागेची अर्धा मिनिट खरखर ध्वनिमुद्रित करावी. वहीत तारीख, हवामान, वीज होती की नव्हती आणि जमिनीत ओल होती का एवढे लिहावे. पहिली नोंद या हिवाळ्यातच घ्यावी.